नोराबाईंना गाऊन दिलेला आशीर्वाद

आमच्या शेजारच्या नोराबाईंना त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी माझ्या आईने अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची जाहिरात गाऊन दाखवली. चाल अजिबात चुकली नाही.

चुकलो होतो मी.

आई कराडहून आयर्लंडला, गॉलवेला आली ती तीन महिन्यांसाठी, २०२०च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीनाचे अठरा महिने कधी झाले ते कळलंही नाही. (कळलं. रोज कळत होतं.) मी मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुढचं वाचताना हे कृपया विसरून जा. जेवणाच्या टेबलाचा डावा अर्धा भाग माझं ऑफिस, उजवा अर्धा माझ्या मुलीची, इराची शाळा. बायको केतकी वरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर नोकरी करत होती. उरला सोफा, तो आईचा. आणि सोफ्यासमोर दिवसभर टीव्ही.

आईला इंग्रजी येत नाही. तरी ती जाहिराती मन लावून बघायची.

"मालिकेत नुसती भांडत्यात रं," ती म्हणायची. "जाहिरातीत गाणं तरी असतंय!"

दोन महिन्यांत तिला गाद्या, गालिचे आणि लोणी, तिन्हींची गाणी तोंडपाठ. ती गाणी घरात इतकी मुरली, की एका ऑडिटमध्ये साहेबांनी "कुणाला काही शंका?" असं विचारलं, तेव्हा मी लोण्याचं कडवं गुणगुणत होतो. माईक चालू होता.

पण आईचं सगळ्यांत लाडकं गाणं वेगळंच. समुद्रकिनारा, हातात हात घेतलेलं म्हातारं जोडपं, मागे व्हायोलिन, आणि एक बाई अंगाईच्या आवाजात गातेय, "रेस्ट ईझी, डिअर हार्ट, इट्स ऑल लुक्ड आफ्टर..."

"मंद्या, ह्येचा अर्थ काय रं?"

माझी सकाळपासूनची चौथी मीटिंग चालली होती. कॅमेरा चालू, माईक बंद, मेंदूही बंद. मी मान न वळवता म्हणालो, "आशीर्वाद आहे गं. म्हाताऱ्या माणसांना. निवांत राहा, सगळं नीट होईल, असं काहीतरी."

"इकडचं जुनं गाणं हाय?"

"हो. पारंपरिक."

पारंपरिक! हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, देव जाणे. मान वळवली असती, तर शेवटी कंपनीचं नाव आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरात 'फ्युनरल्स' दिसलं असतं. पण मीटिंगमध्ये मान हलली की साहेबांना होकार वाटतो आणि एक काम वाढतं. मी मान हलवली नाही. आईने वही काढली आणि गाणं मराठी अक्षरांत उतरवून घेतलं.

आता नोराबाई. बागेतल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे त्या एकट्या राहायच्या. आम्ही सगळे तापाने आडवे झालो होतो, तेव्हा रोज दाराशी सुपाचं भांडं ठेवून जाणारी ही बाई. त्यांचे यजमान टॉम पहिल्याच लॉकडाऊनमध्ये गेले. नियमाप्रमाणे मोजक्या दहा माणसांत सगळं उरकावं लागलं. आई त्या दिवशी भिंतीपाशी बराच वेळ नुसती उभी होती. तेव्हापासून दोघींची मैत्री जमली. नोराबाई रुबार्बचे लालचुटूक देठ द्यायच्या, आई आंबट चुका समजून त्याची आमटी करायची, आणि आम्ही ती निमूटपणे खायचो.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाली आणि नोराबाईंची मुलगी ड्रोहेडाहून त्यांच्या वाढदिवसाला आली. सगळ्या शेजाऱ्यांनी आपापल्या फाटकात उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं. आईने ठेवणीतलं इरकल नेसलं, वर केतकीचा रेनकोट चढवला आणि औक्षणाचं ताट घेऊन भिंतीपाशी गेली. गॉलवेच्या वाऱ्याने निरांजन चार वेळा विझवलं.

"दिवा ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "म्या आशीर्वादच म्हनते."

"कुठला आशीर्वाद?" केतकीने मला हळूच विचारलं.

"बघच तू!" मी म्हणालो. आणि इथे थांबायचं सोडून मी घरातून इराचा कराओकेचा माईक आणला. शिवाय अख्ख्या गल्लीला इंग्रजीत जाहीर केलं, की माझ्या आईने नोरासाठी खास एक पारंपरिक आयरिश गाणं बसवलं आहे!

आईने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीला गल्ली चिडीचूप. मला वाटलं, भारावले. समोरच्या आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, काय हा आदर! तेवढ्यात इराने माझी बाही ओढली.

"डॅडी, दॅट्स द फ्युनरल अ‍ॅड."

"श्श!"

"इट इज, लाइक. द कॉफिन वन."

केतकीने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ दोन दिवस होता. आईने थांबावं म्हणून मी दोन्ही हात वर केले. तिला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. तिने वाढवला. जाहिरातीच्या शेवटी कंपनीचा फोन नंबर त्याच चालीत म्हणतात. आईने तोही पाठ केला होता! एकही आकडा चुकला नाही.

मी भिंतीपलीकडे बघितलं. नोराबाईंच्या मुलीचा हात तोंडावर. नोराबाई मान खाली घालून बसलेल्या, खांदे हलताहेत. रडवलं आपण यांना, मी मनात म्हणालो. सुपाची अशी परतफेड केली! आणि मग त्यांनी मान वर केली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो बाई," त्या इंग्रजीत ओरडल्या, "मी अजून आहे!"

गल्लीला हसू फुटलं. आजोबांनी घाईघाईने टोपी परत घातली. एकटी आई गोंधळलेली.

"काय झालं रं? एवढं हसाया काय झालं?"

"आई, ते... मयत करणाऱ्या कंपनीचं गाणं आहे."

"आन् तू म्हनला हुतास आशीर्वाद!"

"मी मीटिंगमध्ये होतो गं."

"मंद्या, तू वरीसभर मीटिंगमधीच हाईस!"

तिने माईक माझ्या हातात कोंबला आणि नोराबाईंकडे वळून हात जोडले. नोराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "टॉमच्या वेळी गाणं म्हणायला कुणी येऊच शकलं नाही. माझ्या वेळी तुम्ही हेच म्हणा. नंबरासकट." मी भाषांतर केलं. आई आधी हसली, मग पदराने तोंड झाकून रडली, मग केक खाल्ला.

ऑगस्टमध्ये आईला विमान मिळालं. निघताना नोराबाई आपल्या मुलीसोबत फाटकाशी आल्या. "या गेल्यावर माझं गाणं कोण म्हणणार?" त्यांनी मला विचारलं. मी भाषांतर केलं. (करायला नको होतं.)

"मंद्या म्हनंल की!" आई म्हणाली.

नोराबाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बघू, एक ओळ म्हण." मी तिथेच, हातात बॅगा घेऊन, म्हटली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "मला अजून बरीच वर्षं काढावी लागणार गं."

त्यानंतर त्यांची तब्येत फारच सुधारली. गल्लीतले लोक त्याचं श्रेय लशीला देतात. केतकी देत नाही.