सुटाचं कापड आणि आमची कापडआत्या

आमच्या कापडआत्याच्या मते जगात कापडाच्या दोनच जाती होत्या: अंगाचं आणि बुडाचं. जे नेसायचं, घालायचं ते अंगाचं. ज्यावर बसायचं ते बुडाचं. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात ती ताडपत्री अंथरून कापड विकायची. गिऱ्हाइकाने ठाणाला हात लावला, की आधी जात सांगायची, भाव मागाहून. हे सगळं ती रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची, त्यामुळे नव्या सुना तिच्यापुढे उभ्या राहायला लाजत.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. कापड पारखायची तिची रीत न्यारी होती. कापड तोंडाशी धरून ती फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायची. मलमल आणि वायल यांतून फुंकर सरळ हाताला लागे. पॉपलीनमधून ती दमादमाने येई. गादीच्या पट्टेरी कापडातून मात्र जातच नसे, कारण आतला कापूस बाहेर येऊ नये म्हणून त्याची वीण मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. "जिथून वारा जात नाही, तिथून घाम कसा जाईन?" असं तिचं म्हणणं.

तेव्हा टेरिकॉटचं खूळ नवीन होतं. आत्या टेरिकॉट विकायची, पण शिव्या घालून. "घे बापू, चमकते लय. उन्हाळ्यात घालशीन तं भाजीसारखा शिजशीन." लोक हसत आणि तरीही टेरिकॉटच नेत. मांजरपाट घेणाऱ्याला मात्र ती मायेने सांगायची, "सुरवातीले टोचीन, पण दर धुण्याले नरम होत जाईन. माणसापेक्षा बरं हाय."

माझं लग्न ठरलं ते ऐन मे महिन्यात. मुलगा रिसोडचा, नोकरीवाला. त्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, धान्याच्या आडतीवर होते आणि भारी तापट. कपडे ठरवायच्या बैठकीला ते स्वतःच सुटाचं कापड घेऊन आले. आमच्या बौद्ध घरांत नवरानवरी पांढऱ्यात उभी राहतात, पण भाऊ साहेब झाला, तर त्याच्या अंगात सूटच हवा, असा त्यांचा हट्ट होता. "शहरातून आणलं. दुकानातलं सगळ्यात महागाचं," म्हणून त्यांनी ते पंचांसकट सगळ्यांपुढे उलगडलं. जाड, तपकिरी, विणीतच उठावदार चौकडी.

आत्याने ते उचललं, फुंकर मारली. मग उलटं करून मागचे सुटे धागे पाहिले. ते सोफ्याचं, म्हणजे बुडाचं कापड होतं. तिच्या तोंडून आता काय निघणार हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्याला पंचांपुढे कोणी हसलं, तर तो पाणीही न पिता उठून जाईल हेही ठाऊक होतं. वडिलांनी मान खाली घातली. मी दाराआडून पाहत होते.

"लय उमदं कापड हाय पाव्हणे," आत्या म्हणाली, आणि चक्क हळू आवाजात. "पण याचा सूट शिवला तं एकट्या नवरदेवाच्या वाट्याले येईन. आमच्या पोरीनं काय केलं? दोघं जिथं बसतीन त्या बैठकीवर हे टाकू. येईन तो पाहीन, कोनं आनलं म्हून इचारीन."

"अन् नवरदेव?" भासऱ्यांनी विचारलं.

"मलमलचा पांढरा सदरा. आपल्यात तेच शोभते."

भासऱ्यांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "बरोबर हाय."

लग्नाच्या दिवशी ऊन नुसतं जाळत होतं. विहारापुढच्या मांडवात जो तो बैठकीची तारीफ करत होता आणि भासरे प्रत्येकाला आपण कुठल्या दुकानातून आणलं ते सांगत होते. माझा नवरा मलमलच्या सदऱ्यात निवांत होता.

लग्नाला दहा वर्षं व्हायच्या आत आत्या गेली. माती देऊन लोक परतले, तेव्हा भासरे माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले.

"लग्नानंतर एकडाव अकोल्याले डाक्टरच्या घरी गेल्तो," ते म्हणाले. "त्याच्या सोफ्याले तेच कापड. मी उभाच राह्यलो, बसलो नाही. तुह्या आत्याले पह्यल्या दिसापासून मालूम होतं."

मी मान डोलावली.

"त्या दिवशी आत्या हासली असती, तं मी सोयरीक मोडून उठलो असतो. मले माहा सभाव मालूम हाय." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "त्याच्यानंतर दर बाजाराले मी तिच्याकडं जावो. वाटे, आज तं आत्या बोलीन. कधीच बोलली नाही. माह्याजवळबी नाही."

माझा सगळा संसार आत्याने गिळलेल्या त्या एका शब्दावर उभा होता. मी भासऱ्यांसमोरच हमसून रडले, आणि तेही रडत होते.