दारापुढं थांबलेलं गाणं

आमच्या लग्नाच्या साली आलेलं एक डिस्को गाणं अजून म्हातारं व्हायला तयार नाही. हळदीला तेच, गणपतीत तेच, शाळेच्या गॅदरिंगला तेच. ज्यांच्या आईबापांचाही तेव्हा जन्म नव्हता, ती पोरंसुद्धा त्यावर नाचतात. मला मात्र त्या गाण्याचा कायम राग यायचा. कारण बायको.

तिचं माहेर जयसिंगपूरचं. हे गाणं कानावर आलं की कढईतली भजी करपली तरी बेहत्तर, ती झारा ठेवून नाचायला लागायची. एक हात कमरेवर, एक बोट वर. मग तोच हात माझ्यापुढे करायची. "अहो, उठा की!"

मी पेपरात तोंड घालून म्हणायचो, "गप बस की. लोक बघत्यात."

ती हसायची आणि उरलेलं गाणं एकटीच नाचायची.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. वैशाखात शेजारच्या गल्लीतल्या नवरदेवाची वरात दुपारी मारुतीच्या देवळाकडे निघाली. बेंजोवर तेच गाणं. मी धावत खिडकीशी गेलो. निदान तिचं गाणं तरी दारावरून जाईल, असं वाटलं. पण माझं घर आलं आणि बेंजो गप्प झाला. दुःखाच्या घरापुढून वर्षभर वाजवत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माणसं माना खाली घालून चालू लागली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण इतके महिने सगळे माझ्याशी असेच दबक्या आवाजात बोलत होते.

मी अनवाणीच बाहेर आलो. "का थांबलासा? वाजवा की!"

बेंजोवाल्याने हात जोडले. "काका, तुमच्या घरात दुःख हाय. बरं दिसत न्हाय."

"तिचंच गाणं हाय ते. वाजवा!"

त्याने नवरदेवाच्या वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली आणि गाणं सुरू झालं. मी एक हात कमरेवर ठेवला, एक बोट वर केलं आणि ताल सोडून, कसाबसा नाचायला लागलो. वाटलं, पोरं तरी सोबत येतील. मी हातसुद्धा पुढे केला. पण माझा मान राखायचा म्हणून सगळे मागे सरकले आणि गोल करून उभे राहिले. कुणी हसलं नाही.

गाणं चांगलं लांबलचक आहे. संपेपर्यंत मी एकटाच नाचलो. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर अशीच नाचली होती.