खाडीच्या चिखलातला सात नंबर

पहिल्यांदा खटकला तो सात नंबर. खाडीच्या चिखलाच्या वीस नमुन्यांत एकट्या त्याच्यातच तांबं आणि जस्त भरमसाट! मी घाबरून मशीन दोनदा बंद करून चालू केलं. आकडा तोच.

माझे गाईड सर म्हणाले, "एकतर खाडी बिघडलीय, नाहीतर तू! उद्यापर्यंत सांग."

खाडी बिघडली असेल, तर तिथल्या कोळणींना शिंपल्या काढू नका म्हणून कळवायचं. मी बिघडवलं असेल, तर माझं वर्ष गेलं.

संभाजीनगरला समुद्र नाही, पण आमच्या लॅबमध्ये एक नमुना वाळेपर्यंत दोन किस्से तयार असतात!

*

चिखल मी कोकणातून एसटीनं आणला, डबा मांडीवर घेऊन. कंडक्टरनं एकदम विचारलं, "ताई, काय हाय त्यात?"

दचकून खरं बोलले, "चिखल. संभाजीनगरला नेतेय."

"का? तिकडचा संपला?"

*

धातू तपासायचे, म्हणून चिखलाला धातू लागू द्यायचा नाही. अंगठ्या, बांगड्या दाराशीच काढायच्या. एकदा सरांची अंगठी निघेना. लॅब असिस्टंट शेखमामा साबण घेऊन धावले.

"शादी की है क्या, सर?"

"हो."

"फिर तो मुश्किल है!"

त्या दिवशी सरांनी दारातूनच शिकवलं.

*

ओव्हनमध्ये चिखल ठेवला, की मजलाभर कुजक्या अंड्यांचा वास. शेजारच्या मॅडम येऊन माझ्यावर ओरडल्या, "जेवणाचा डबा रोज घासत जा!"

मी "सॉरी मॅडम" म्हणाले आणि खरंच डबा घासून आले!

*

वैजापूरहून आईचा फोन. "स्थळ आलंय. पोरगी काय करती, विचारत्यात. काय सांगू?"

"चिखलातले जड धातू शोधते."

आई म्हणाली, "बी.एड. सांगते."

*

तर, सात नंबर. वाळलेला चिखल दगडी खलात कुटायचा असतो. मी तापानं पडले होते, तेव्हा हा एकच नमुना सुप्रियानं कुटला होता. सुप्रिया माझी ज्युनियर, आमच्यात सगळ्यांत टापटीप. पण ती गावाला गेलेली, स्वतःच्याच लग्नाला!

नऊ वेळा फोन लावला. दहाव्यांदा उचलला. मागं वाजंत्री.

"ताई, हळद चाललीय माझी!"

"सुप्रिया, सात नंबर कशात कुटलास?"

"अय्या, तेवढंच ना? दगडी खल कुलपात होता, म्हणून घरनं आईचा पितळी खलबत्ता आणला. टेन्शन नका घेऊ! आधी चिंच लावून लई लख्ख घासला होता!"