धुक्यातला ‘हाय’

हे अजून माझ्याबाहेर गेलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही — आणि तिला मी शाळेत कॉपी करताना पकडला गेलो होतो तेसुद्धा माहीत आहे, म्हणजे बघा. दोन-तीनदा सांगायला बसलो. दर वेळी सायकलींच्या गमती सांगून उठलो. लोक हसतात, मला बरं वाटतं, आणि मूळ गोष्ट राहून जाते. आजही तसंच होईल का? बघू. तुम्ही समोर बसलेले नाही, त्यामुळे तुम्हाला हसवायचा मोह जरा कमी आहे.

गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो तेव्हा नव्वद साल उजाडायचं होतं. पाण्याला टँकर, दिव्याला मेणबत्ती आणि खिडकीतून दिसणारी मिठागरं. नातेवाईक म्हणायचे, जंगलात गेलात. पण रस्ते मोकळे होते, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या नाडकर्णींनी — बँकेत होते, आमच्याहून बरेच मोठे — रविवारी सायकलवर फिरायची टूम काढली. घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, फार तर पुढच्या चेणे गावापर्यंत रेटायचं आणि परत. मी वाकड्या हँडलची, बारीक चाकांची नवीकोरी सायकल घेतली. सायकल उत्तम होती. दम नव्हता तो माझ्यात.

जनू आमच्यात आला तो त्याच्या आईमुळे. ती भाईंदर गावातली कोळीण. आमच्या बिल्डिंगखाली मासळी घेऊन बसायची, आणि जनू तिची पाटी आपल्या काळ्या, जडशीळ सायकलच्या कॅरियरला बांधून आणून द्यायचा. नाडकर्णींनी एकदा सहज विचारलं, येतोस का आमच्याबरोबर. आला. पायात स्लिपर, आणि त्या धुडावर बसून आम्हा सगळ्यांच्या पुढे. त्याचे वडील तांडेल होते — होडीचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर बाकीचे जाळं टाकतात आणि ओढतात. त्यांच्यामागे ती जागा जनूची, हे घरात ठरलेलं होतं. तो ते सांगायचा नाही. त्याची आई सांगायची, मासळी कापता कापता, सगळ्या गिऱ्हाइकांना.

‘हाय’ची पद्धत जनूने आणली. धुक्यात होड्या एकमेकींना दिसत नाहीत, तेव्हा पुढचा ओरडतो, “हाय का?” आणि मागचा उत्तर देतो, “हाय.” आम्हाला हे भारीच आवडलं. शहरातून आलेल्या माणसाला असलं काही मिळालं की नव्याचे नऊ दिवस चालतात, पण हे टिकलं, कारण उपयोगाचं होतं. सगळ्यांत पुढे नाडकर्णी, सगळ्यांत शेवटी जनू. दमदार माणूस शेवटी हवा, रेंगाळलेल्याला ढकलायला — हाही त्याचाच नियम. रेंगाळलेला म्हणजे मी. माझी जागा त्याच्या बरोबर पुढे. वळण आलं की पुढून प्रश्न यायचा आणि शेवटून जनूचं उत्तर जायचं. उत्तर आलं नाही तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मागचा माणूस दिसेपर्यंत घंट्या वाजवायच्या.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मला नकला येतात. ऑफिसात साहेबांची, घरी मामांची, आणि त्या दिवसांत — जनूची. त्याचा ‘हाय’ जरा नाकातून निघायचा आणि शेवटी वर जायचा. एका रविवारी किल्ल्यापाशी मी तो इतका हुबेहूब दिला की नाडकर्णी फसले. सगळे हसले, जनूसुद्धा. मग चहा झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं.

“मस्करीत ठीक हाय, सुधीर. पन दुसऱ्याचा हाय आपुन द्यायचा न्हाय. आमच्यात त्या मानसाला होडीवर कोन घेत न्हाय.”

मी म्हटलं, बरं बाबा. आणि मनात म्हटलं, एका ‘हाय’चं केवढं ते प्रस्थ.

गणपती होऊन गेल्यावर आम्ही जव्हारला निघालो. सहा जण, दोन दिवस, एक मुक्काम. खाडीचा पूल ओलांडला तेव्हा लख्ख ऊन, मनोरपर्यंत अंगाची लाही, विक्रमगड सोडलं आणि आभाळ भरून आलं. मग चढ, मग पाऊस, पाऊस थांबून पुन्हा ऊन, आणि पुन्हा चढ. डोंगरातला रस्ता बसमधून किती छान दिसतो. सायकलवरून तो फक्त पुढच्या चाकाएवढाच दिसतो. माझ्यासाठी सगळ्यांना परत परत थांबावं लागलं. नाडकर्णी चिडणारे नव्हते, पण एका चढावर म्हणाले, “सुधीरसाठी असेच थांबत गेलो, तर दिवाळीचा फराळ जव्हारला करू.” सगळे हसले. मीही हसलो. आणि नंतरच्या प्रत्येक चढावर जनूचा पंजा माझ्या पाठीवर होता — एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत तो मला वर ढकलत होता.

पाठीवर कुणाचा तरी हात असावा, असं आपण म्हणतो ना? मला तो हात नकोसा झाला होता. खरं सांगायचं तर, मला जनूचा राग येत होता. मदत करणाऱ्याचा राग येतो तेव्हा तो कुणापाशी बोलूनही दाखवता येत नाही.

मुक्कामाला एका शाळेत जागा मिळाली होती. जेवणं झाल्यावर मी नकला केल्या. सगळ्यांच्या केल्या, पण जनूची जास्त वेळ केली. दिवसभर गेलेली पत मला भरून काढायची होती.

दुसऱ्या दिवशी उतार. सकाळी बाहेर पडलो तर हातभर पुढचं दिसेना. धुकं, वर भुरभुर पाऊस, रस्ता निसरडा. पुढून नाडकर्णींचा “हाय का?” आणि मागून जनूचं उत्तर, असं आम्ही एकेक वळण उतरत होतो. उतारावर मला ढकलावं लागत नव्हतं. मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीने चाललो होतो, आणि मला ते फार आवडत होतं.

मग मागून जनू म्हणाला, “तुझा कोट पडला रं. तू हो पुढं, मी घेऊन येतो.”

माझा प्लॅस्टिकचा रेनकोट. कॅरियरला मीच बांधला होता, मीच ढिला बांधला होता. त्याची सायकल थांबल्याचा आवाज मी ऐकला. चाकं, पाऊस, उतार — मी पुढे गेलो. आणि पुढच्या वळणावर नाडकर्णींची हाक आली.

“हाय का?”

मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. नुसतं गप्प राहायचं होतं. मी गप्प राहिलो असतो तर सगळे थांबले असते, घंट्या वाजल्या असत्या, आणि जनूला त्या आवाजावरून वळण कुठे आहे ते कळलं असतं. पण मग कळलं असतं की आजही सुधीरमुळेच थांबलोय. कोट सुधीरचा. फराळाचा विनोद पुन्हा झाला असता. कुणीतरी म्हटलं असतं, चल, जरा मागे जाऊन बघू — म्हणजे पुन्हा चढ.

मी नाकातून, शेवट वर उचलून म्हटलं, “हाय.”

इतकंच. नाडकर्णी पुढे निघाले, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. पुढच्या वळणावर हाक आली, मी पुन्हा दिला. त्याच्या पुढच्या वळणावरही दिला. पहिला निसटला म्हणून सोडून देता येईल कदाचित. बाकीचे?

घाटाखाली चहाची टपरी होती. जनू आला नाही. नाडकर्णी म्हणाले, “आत्ता तर हाय म्हणाला. येईल.” माझ्या हातात गरम ग्लास होता. मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, आणि दुसरा चहा होईपर्यंतही नाही. शेवटी वरून एस.टी. उतरली, आणि कंडक्टरने खाली वाकून विचारलं, तुमच्यातला कुणी वर पडलाय काय?

आमच्या घंट्या ऐकू येईनात म्हणून जनूने आम्हाला गाठायला सायकल भरधाव सोडली होती. वळण त्याला दिसलंच नाही. तो गटारापलीकडच्या दगडांत पडला होता, डोक्याला खोक, आणि डाव्या गुडघ्याकडे बघवत नव्हतं. माझा कोट नीट घडी करून त्याने शर्टाच्या आत घातला होता, भिजू नये म्हणून. रेनकोट.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती गोष्ट. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं — म्हणजे मी स्वतःला तसं पटवत होतो. थंडी होती, थकवा होता, वय होतं, एक शब्द तोंडातून गेला. पण माझी गोष्ट घाटात संपत नाही.

ती ठाण्याच्या हॉस्पिटलात आहे. चार दिवसांनी जनू जरा बोलायला लागला तेव्हा आम्ही भेटायला गेलो. त्याचे वडील पायाशी उभे होते. नाडकर्णींनी काळजीनेच विचारलं, “अरे, तू हाय म्हणत होतास, मग मागे कसा राहिलास?”

जनू गोंधळला. “मी कुठं बोललो? मी कोट घ्यायला उतारलो होतो.”

“आम्ही सगळ्यांनी ऐकलं रे. तीनदा.”

त्याने डोळे मिटले, उघडले. डोक्याला पट्टी होती. मग तो माझ्याकडे वळला. बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे — कारण माझी जागा त्याच्या बरोबर पुढे होती.

“तू जवल होतास, सुधीर. मी बोललो काय रं?”

तिथे धुकं नव्हतं. चढ नव्हता. दमही लागलेला नव्हता. ट्यूबलाइटच्या उजेडात मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “हो. मी ऐकलं.”

“मंग बोललो आसंन,” जनू म्हणाला.

हा माझा गुन्हा. त्याने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याचे वडील म्हणाले, “हाय बोलून मागं रायलास?” आवाज चढवला नाही. दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ते काय म्हणाले. कळलंही होतं, कसं कळणार नाही? ‘हाय’चं मोल किल्ल्यापाशी जनूनेच मला शिकवलं होतं.

गुडघा जुळला, पण वाकेना. हलत्या होडीवर उभं राहायला दोन्ही पाय लागतात, त्यामुळे तांडेलकी चुलतभावाकडे गेली. पायामुळे गेली असती तर जनूने गिळलं असतं. पण त्याची आई मला सांगायची — माझ्याजवळ मन मोकळं करायची, बघा — की घरात पायाचं नाव कमी निघतं, ‘हाय’चं जास्त. चुलते म्हणतात, ज्याच्या ‘हाय’चा भरवसा न्हाय त्याच्या शब्दावर जालं कोन टाकंल? मी मान हलवत ऐकायचो आणि पापलेट बघायचो. आमचा ग्रुप नंतर मोडला. नाडकर्णींनी सायकल विकून टाकली. मी सगळ्यांबरोबर हळहळत राहिलो, आणि माझी हळहळ खरी होती. तीच तर वाईट गोष्ट आहे.

पुढे अपंगांच्या कोट्यातून जनूला एस.टी.डी. बूथ मिळाला, भाईंदरला. काचेच्या खोक्यात बसतो, पाय सरळ समोर ठेवून. आता पोट सुटलंय, दोन मुलं आहेत. आमच्याकडे फोन यायच्या आधी मी तिथेच जायचो, आता फोन आलाय तरी जातो. मला बघितलं की शेजारच्याला चहा सांगतो आणि गिऱ्हाइकांना ओळख करून देतो: “ह्यो आमचा सुधीर. घाटात माझ्या म्होरं ह्योच होता.”

आजूबाजूच्या वस्तीचे फोन त्याच्याकडेच येतात. घंटी वाजली की तो उचलतो आणि म्हणतो, “हाय. मीच हाय.” लोक हसतात. मागच्या महिन्यात एका पोराने त्याला विचारलं, अंकल, दो बार क्यूं बोलते हो? जनू माझ्याकडे बघून हसला आणि त्याला म्हणाला, “एक बार मैं बोला और मेरेकोच मालूम नहीं पडा. तबसे पक्का करता है.”

तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. चहा हातात होता. सांगायला ह्याहून सोपी वेळ कुठली येणार होती? मी चहा संपवला आणि घरी आलो. त्याच रात्री हे लिहायला घेतलं.

ह्यातली बाकीची नावं मी बदलली आहेत, माझंसुद्धा. जनूचं तेवढं तसंच ठेवलंय. गिऱ्हाइकांना वाट बघताना चाळायला म्हणून तो बूथवर मासिकांचे अंक ठेवतो, आणि दुपारी गर्दी नसली की स्वतःच वाचत बसतो. हे त्याच्या हातात पडेल किंवा पडणार नाही. पडलं, तर ते त्याच्याबद्दल आहे हे त्याला कळायला हवं.

तू बोलला नव्हतास, जनू. तुला बरोबर आठवत होतं. तिन्ही वेळा मी बोललो होतो.