चाचांनी धरलेला उपास

गिऱ्हाईक चुकलं, की हातातला सुरा ओट्यावर ठेवायचा, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "चुकलासा की." मुलांनो, सुट्टीत तुम्ही ज्यांना चाचा म्हणून हाक मारायचात, ते शाहूपुरीतले आपले मटणवाले असे.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास, सुरू झाला, की आपलं घर ईस्टरपर्यंत मटण सोडतं. पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि सगळ्यांनी मिळून पाळायचं. एकट्यानं धरलेल्या उपासाला आपल्या घरात कुणी उपास म्हणत नाही. कोल्हापुरात राहून मटण सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. एकदा पाहुणे येणार म्हणून मी लेंटमध्येच दुकानात गेले.

"अर्धा किलो द्या, चाचा."

"न्हाय."

"संपलं का?"

"समोर टांगलंय की. पण वैनी, तुमचा लेंट हाय न्हवं? सरांना विचारलासा?"

मी पिशवीची घडी घालून परत आले. पाहुण्यांना भरली वांगी मिळाली. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही. सर म्हणजे तुमचे आजोबा; मी चिडून त्यांना सांगितलं, तर ते चाचांवर खूष झाले.

आजोबांच्या ऑपरेशननंतरचा लेंट मात्र कठीण गेला. घरी आले तेव्हा त्यांना उठून बसवत नव्हतं. डॉक्टरांनी मटणाचं अळणी पाणी द्यायला सांगितलं. आजोबांनी तोंड फिरवलं. तुमच्या बाबांनी फोनवरून समजावलं, चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन बोलले. आजाऱ्याला उपास नसतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण एकच धरून बसले. "घर मिळून उपास धरतं. मी तेवढा बाहेर पडलो, तर मी या घरातला कोण?" दिवसागणिक ते खंगत चालले. ते ईस्टर बघतात की नाही, अशी भीती मला वाटू लागली.

चाचांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अळणी पाण्याचा डबा घेऊन ते दारात उभे. रमजान चालू होता. त्यांच्या स्वतःच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता.

"सर, अडचण काय हाय? उपासातनं घरचं एक माणूस कमी होतंय, एवढंच न्हवं?"

"हो."

"मग तुमच्या जागी मी. रोजे संपले तरी ईस्टरपतोर मटण बंद."

कितीतरी दिवसांनी आजोबा हसले. "अहो, तुम्ही मटणवाले. लोक काय म्हणतील?"

"हसतील. हसत आलेलं गिऱ्हाईक पाव किलो जास्त नेतंय. तोंड उघडा."

आजोबांनी तोंड उघडलं. वाफाळता चमचा पुढे करताना चाचा स्वतः आवंढा गिळत होते.

ईदेला शीरखुर्मा घेऊन दोघं आले, तेव्हा चाची दारातूनच सांगू लागल्या, "सर, तुमच्यापायी ह्यांनी बिर्याणीतला नुस्ता भात खाल्ला बघा."

"भात कुठं सोडलाय मी?" चाचा म्हणाले.

ईस्टरच्या उपासनेला आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून का होईना, स्वतःच्या पायांनी गेले. दुपारी चाचा-चाची आपल्याकडे जेवायला आले. आजोबांनी उभं राहून चाचांना रस्सा वाढला. चाचांनी पहिला तुकडा बराच वेळ चावला.

"जरा जून हाय. कुठनं आणलंसा?"

"तुमच्याच दुकानातून," मी म्हटलं.

"मग दातच जून झालं असतील," म्हणत त्यांनी वाटी पुढे केली.

यंदा दुकान पुतण्याच्या हाती देऊन चाचा आजऱ्याला लेकीकडे राहायला गेले. तरी भस्म बुधवारी, तुम्ही सगळे मोबाईलवर जमला होतात तेव्हा, आजोबांनी प्रार्थनेत उपास धरणाऱ्यांची नावं घेतली, आणि तुमच्या नावांनंतर चाचांचं खरं नावही घेतलं. तुम्हाला ते फक्त चाचा म्हणून ठाऊक. धाकटीनं मध्येच विचारलं, "आजी, हे कोण?"

आजोबांनी डोळे न उघडता सांगितलं, "आपल्या घरातले," आणि आमेन म्हटलं.