लेकीने बसवलेला कार्बुरेटर

जुन्या गाड्यांचे कार्बुरेटर दुरुस्त करण्यात उस्तादांचं सगळं आयुष्य गेलं. खरं नाव त्यांच्या बायकोशिवाय कुणी घेत नसे. ती घेई तेही रागात असली की. गॅरेज घराच्याच खाली होतं, त्यामुळे लेक लहानपणापासून तिथेच रुळली. इतर मुली बाहुल्यांना आंघोळ घालत त्या वयात ती पेट्रोलच्या वाटीत जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कार्बुरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या, धूत बसायची. मोठी झाल्यावर मोटारींचा रीतसर कोर्स करून आली आणि बापाशेजारी उभी राहून काम करू लागली.

सुरुवातीला उस्तादांना कोण कौतुक! येईल त्याला सांगत, "हिचा कान बघा, माझ्यावर गेलाय." पण हळूहळू गिऱ्हाइकं आत डोकावून "ताई आहेत का?" असं विचारू लागली. एकदा तर एक टॅक्सीवाला, उस्ताद समोर रिकामे बसलेले असताना, "ताईंचं जेवण होऊ दे, थांबतो मी," म्हणून बाकावर टेकला. त्या दिवशी उस्तादांच्या घशाखाली घास उतरला नाही.

अशातच बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वडिलांची साय रंगाची, गोल दिव्यांची गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. उस्तादांशिवाय त्या गाडीला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. आता ती चालू ठेवून उभी केली की गचके खाऊन बंद पडत होती.

"कार्बुरेटर खोलून देतो नीट करून," उस्ताद म्हणाले. "अस्सल माल आहे बाई. अशी ओतीव बॉडी आता कोण बनवतंय?"

लेकीने कार्बुरेटरच्या झडपेचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बोटाने हलवून पाहिला. "बाबा, भोक झिजलंय. इथून हवा ओढतोय."

"भोकात नवी कडी, बुश बसवू."

"बुश बसेल हो. पण वरचं तोंड वाकलंय त्याचं काय? पट्टी लावली की खालून उजेड दिसतो. आधी घासून घासून आता घासायला काही उरलंच नाही."

घासलं होतं ते उस्तादांनीच. बाईंनी त्यांच्याकडे मानही न वळवता लेकीला विचारलं, "तुझं काय मत?"

"नवा बसवू या. मूळ कंपनीचा मिळणार नाही, दुसऱ्या कंपनीचा आहे, पण मापात बसतो. जुना फेकू नका, जपून ठेवा."

"ठीक आहे. उस्ताद, ही म्हणते तसं करा."

तसं करा! जणू ते तिच्या हाताखाली कामाला होते. उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवा कार्बुरेटर आला, चकचकीत, खोक्यातून. लेक वर चहा ठेवायला गेली तेव्हा उस्तादांनी तो हातात घेतला. बाजूच्या स्क्रूवर कारखान्याने सील म्हणून लावलेला लाल रंगाचा ठिपका होता. तो फोडून त्यांनी स्क्रू काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि आतल्या जेटवरचा आकडा वाचला. जेट मोठ्या इंजिनाचा होता. या गाडीला पेट्रोल भसाभस पाजणार. त्यांनी स्क्रू गुपचूप परत लावला.

लेक चहा घेऊन आली. "बघितलात? कसा वाटतो?"

"तुझा आहे, तू बघ."

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि उभ्या जागी संथ चालू राहिली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सपाट रस्त्यावर फेरी मारली तेव्हाही तक्रार नव्हती. आवाज जरा जड येतोय हे उस्तादांच्या कानाने टिपलं होतं. मनात म्हणाले, चढावर जाऊ दे, मग कळेल ताईंना.

बाईंचा फोन लवकरच आला. बहिणीला दवाखान्यातून घरी आणताना गाडी पुलाच्या चढावर काळा धूर ओकून बंद पडली होती. लेकीने हत्यारांची पिशवी उचलली. "मीही येतो," उस्ताद म्हणाले. खरं म्हणजे ते मदतीला नाही, बघायला निघाले होते.

पुलावर मागे बस हॉर्न मारत होती. मागच्या सीटवर बहीण अंगाभोवती शाल घट्ट धरून घाबरून बसली होती. लेकीने प्लग काढले तर ते काजळीने माखलेले. तिला काही उमगेना.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "उस्तादांचं ऐकायला हवं होतं."

हेच ऐकायला तर ते आले होते! पण ऐकताना त्यांची नजर मागच्या सीटवरच्या शालीवर गेली.

"चूक माझी आहे, बाई," लेक म्हणाली. "बसवायच्या आधी मी उघडून बघायला हवा होता."

"जेट मोठा आहे," उस्तादांच्या तोंडून निघून गेलं.

"कशावरून?"

"धुरावरून."

तिने बाजूच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला आणि थबकली. फुटका लाल ठिपका तिने बसवतानाही पाहिला होता, पण कारखान्यातच फुटला असेल असं समजून सोडून दिला होता. तिने एकदा त्या ठिपक्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग स्क्रू काढायला लागली.

उस्ताद रिक्षाने धावतपळत गॅरेजमध्ये गेले आणि जुन्या कार्बुरेटरचा जेट काढून घेऊन आले. नव्यात तो नेमका बसला. लेकीने प्लग पुसून गाडी सुरू केली. बाईंनी काच खाली करून म्हटलं, "ताई, तू होतीस म्हणून निभावलं!"

उस्तादांना पुन्हा मिरची झोंबलीच.

घरी बायकोने दोघांचे चेहरे पाहिले, लेकीकडून सगळं काढून घेतलं आणि नवऱ्याला नावानिशी हाक मारली. "जळायला बाहेरचं कुणी मिळालं नाही का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी शटर उघडताना उस्ताद लेकीला म्हणाले, "दिसलं होतं मला."

"माहितीये."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"बाईंसमोर? तुमची लाज काढायची होती का मी?" ती जराशाने म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे पोटात दुखत असेल तर दुखू दे. पण जेट सांगत जा. गाडीत आजारी माणूस होतं."

उस्तादांनी शटर वर ढकललं. बाहेर एकजण स्कूटर ढकलत आला, उस्तादांच्या खांद्यावरून आत डोकावला आणि म्हणाला, "ताई आहेत?"

कळ आलीच. "आहे," उस्ताद म्हणाले, "आत या," आणि बाजूला सरकले.