चार काचा

माझी ताई प्रयोगशाळेत उंदरांची हृदयं कापते. ऐकून लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. केसाहून पातळ काप काढायचा, काचेवर बसवायचा, रंगवायचा. चांगला स्नायू लाल दिसतो, झटक्यानंतर राहिलेला व्रण निळा. तीस वर्षांत तिचा हात कधी थरथरला नाही, आणि जीभही. साहेबमंडळी तिला पाठीमागे फौजदार म्हणतात.

असा निळा डाग माझ्याही हृदयात आहे. बावीस वर्षं बस चालवली, मग झटका आला आणि डॉक्टरांनी गाडी सोडायला लावली. व्रण काही काम करत नाही, नुसता बसून असतो, माझ्या मेव्हण्यासारखा. ताईच्या प्रयोगशाळेत उंदरांना स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचून हा व्रण कमी होतो का ते बघत होते. आकडे चांगले आले की पुढे माणसं, आणि त्या यादीत माझं नाव. मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

कुठल्या उंदराला पेशी दिल्या आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे व्रण मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचांवरचे नंबर चिकटपट्टीने झाकतात. ताईने तसंच मोजलं. मग पट्ट्या काढल्या. पेशी दिलेल्यांपैकी बऱ्याच उंदरांचा व्रण आटला होता. चौघांचा मात्र जसाच्या तसा.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले, "या चार काचांवरचे काप दुमडलेत. बाद करा."

"दुमडलेले काप मी पट्टी काढायच्या आधी फेकते, सर. नंतर नाही," ताई म्हणाली. "मायक्रोस्कोपखाली धरा आणि सुरकुती दाखवा."

सुरकुती सापडली नाही. चौघांना हिशेबात धरल्यावर निकाल लंगडा पडला आणि सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं.

संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तोंडसुख घेतलं. "भावापेक्षा चार मेलेले उंदीर जड झाले तुला? गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तिने नळ बंद केला. "त्या चौघांना गुण का आला नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. तू पाचवा निघालास तर? अर्धवट माहितीवर मी तुझ्या छातीत काही टोचू देणार नाही. साहेबांना नाही आणि तुलाही नाही." तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र फौजदाराचाच.

राग माझा अजून गेलेला नाही. तरी सकाळी मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "यादीतलं माझं नाव राहू द्या, मी थांबतो. पण नव्या काचांवरचे व्रण मोजायला माझी बहीणच हवी, नाहीतर संमतीच्या कागदावर सही करणार नाही. आणि मी पाचवा निघालो, तर मलाही बाद करायचं नाही."